काजऱ्याची बी : सांधेदुखीवर औषध कधी आणि विष कधी?

पावसाळा सुरू झाला की गुडघे बोलू लागतात, असे वयस्कर माणसे म्हणतात. याच दिवसांत आठवड्याच्या बाजारातून, जत्रेच्या फेरीतून किंवा ओळखीच्या कोणाकडून तरी कागदाची एक पुडी घरात येते. पुडीवर नाव नसते, घटकांची यादी नसते. मात्रा तोंडी सांगितलेली असते : सकाळ-संध्याकाळ कोमट दुधातून थोडेसे. ‘झाडपाल्याचे औषध आहे, अपाय व्हायचा नाही’ हे आश्वासन मात्र न चुकता मिळते.

अशा पुड्यांत, काढ्यांत आणि मालिशीच्या तेलांत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी एक म्हणजे काजऱ्याची बी. कोकणीत काजरो, मराठीत काजरा किंवा कुचला, संस्कृतात कुपीलु, विषतिंदुक आणि विषमुष्टी. शेवटच्या दोन नावांत विष हा शब्द उघडपणे आला आहे. संधिवात, आमवात, कंबरदुखी, अंगाचा ताठरपणा यांवर आयुर्वेदाने ही बी वापरली, हे खरे आहे. परंतु तिला औषध म्हणण्याआधी त्या शास्त्राने तिला विष म्हटले, हेही तितकेच खरे आहे. घरगुती उपचारांच्या परंपरेत पहिली गोष्ट टिकली आणि दुसरी मागे पडली. धोका नेमका तेथे आहे.

झाड ओळखीचे, बी अनोळखी

काजरा हा पश्चिम घाटाच्या पायथ्याचा आणि कोकणपट्टीचा रहिवासी. गोव्यातील डोंगरउतारांवर, सिंधुदुर्गात, कारवार आणि बेळगावच्या जंगलपट्ट्यात तो आढळतो. पाने समोरासमोर, चकचकीत आणि ठळक शिरांची. हिवाळ्यात फळे पिकतात तेव्हा झाडाला लहान नारिंगे लागल्यासारखे दिसते. फळाच्या कडवट गरात चपट्या, वाटोळ्या, राखाडी बिया असतात. त्या आकाराने कोटाच्या मोठ्या गुंडीएवढ्या असून त्यांच्यावर रेशमासारखी बारीक लव असते.

धनेश पक्षी ही फळे खातात आणि बिया अखंड बाहेर टाकतात. ‘पक्षी खातात, मग माणसाला काय होणार’ असा तर्क यावरून काढला जातो. तो चुकीचा आहे. विषाचा मुख्य साठा बीच्या आत असतो आणि बीचे कवच अतिशय कठीण असते. न चावता गिळलेली बी काही वेळा अपाय न करता शरीराबाहेर पडते, ती याच कारणाने. तीच बी फोडली, किसली, उगाळली किंवा कुटली की विष मोकळे होते. एक कुटलेली बी प्रौढ माणसाचा जीव घेऊ शकते, असा इशारा न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत दिलेला आहे. झाडाची साल, पाने आणि मूळ यांतही विषारी द्रव्ये असतात. त्यामुळे ‘आम्ही बी वापरत नाही, सालीचा काढा देतो’ या म्हणण्यानेही निर्धास्त होता येत नाही.

नक्षत्रवृक्षांच्या परंपरेत अश्विनी नक्षत्राचा वृक्ष म्हणून काजऱ्याला मान आहे आणि अश्विनीकुमार हे देवांचे वैद्य मानले जातात. ज्यांनी ही जोडी जुळवली त्यांना झाडाचे औषधी मोल ठाऊक असावे. पण वैद्याच्या हाती असलेली वस्तू आणि पुडीत बांधून दिलेली वस्तू एक नव्हे.

शरीरात गेल्यावर काय घडते

या बियांतील प्रमुख द्रव्ये दोन, स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन. पॅरिसमधील पेलेतिए आणि काव्हाँतू या रसायनशास्त्रज्ञांनी १८१८ मध्ये स्ट्रिक्नीन आणि त्यापाठोपाठ ब्रुसीन वेगळे काढले. दोहोंत स्ट्रिक्नीन कितीतरी पटींनी तीव्र.

आपला प्रत्येक स्नायू दोन प्रकारच्या आज्ञांवर चालतो. एक आज्ञा आकुंचनाची, दुसरी थांबण्याची. मज्जारज्जूमध्ये ही थांबण्याची आज्ञा देण्याचे काम ग्लायसीन नावाचे द्रव्य करते. ते स्नायूंचा लगाम आहे. स्ट्रिक्नीन ग्लायसीनची जागा अडवते. लगाम सुटतो. मग एरवी लक्षातही न येणारा स्पर्श, दाराचा आवाज, दिव्याचा उजेड अशा कोणत्याही उत्तेजनाने सर्व स्नायू एकदम आवळले जातात.

विष पोटात गेल्यापासून साधारणपणे पाव तास ते एक तास या अवधीत लक्षणे दिसू लागतात. आधी अस्वस्थपणा आणि दचकणे. मग मान, चेहरा आणि जबडा ताठरतो. त्यानंतर झटके येतात आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. दृश्य धनुर्वातासारखेच असते. फरक एवढाच की धनुर्वात हळूहळू वाढतो आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळातही स्नायू पुरते सैल पडत नाहीत. स्ट्रिक्नीनच्या बाधेत सारे काही मिनिटांत घडते आणि मधल्या काळात शरीर बरेचसे सैल होते. रोगी बहुतेक वेळ शुद्धीवर असतो, त्याला सर्व कळत असते आणि वेदना होत असतात. छातीचे स्नायू आवळल्यामुळे श्वास अडकतो. मृत्यू ओढवतो तो त्यानेच. भटक्या कुत्र्यांना मारण्यासाठी पालिका एकेकाळी जे विष वापरत, ते हेच स्ट्रिक्नीन.

कमी प्रमाणात विष गेल्यास चित्र इतके उघड नसते. पोटऱ्या आखडणे, जबडा जड वाटणे, अंगाला झटका बसल्यासारखे होणे, घाम आणि छातीत धडधड, एवढेच जाणवते. सांधेदुखीच्या रुग्णाच्या बाबतीत येथेच घात होतो. आखडणे हे त्याच्या जुन्या आजाराचेच लक्षण असते. दुखणे वाढले असे समजून तो पुडीतील आणखी एक मात्रा घेतो.

मग बरे वाटते ते कशामुळे?

ज्यांनी काजऱ्याचे औषध घेतले आणि ज्यांना आराम पडला ते खोटे बोलतात, असे म्हणता येणार नाही. या बियांच्या अर्कात आणि ब्रुसीनमध्ये वेदना व सूज कमी करण्याचा गुण असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. शिवाय स्ट्रिक्नीनच्या अल्प मात्रेने स्नायूंचा ताण वाढतो आणि अंगात बळ आल्यासारखे वाटते. तिच्या कडू चवीने भूकही चाळवते. पाश्चात्त्य वैद्यकातही कुचल्याचा अर्क एकेकाळी शक्तिवर्धक म्हणून दिला जात असे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या थॉमस हिक्सला धावता धावता स्ट्रिक्नीन देण्यात आले होते. शर्यत संपताना त्याला आधार देऊन न्यावे लागले. आधुनिक वैद्यकाने पुढे हे औषध सोडून दिले, कारण गुण येणारी मात्रा आणि घात करणारी मात्रा यांतील अंतर फारच थोडे आहे.

बळ आल्याचा अनुभव म्हणजे झिजलेला सांधा भरून आला असे नव्हे. निनावी पुड्यांच्या बाबतीत आणखी एक शंका घ्यावी लागते. सांधेदुखीवरच्या ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणवणाऱ्या काही चूर्णांत स्टिरॉइड किंवा वेदनाशामक गोळ्यांची पूड मिसळलेली आढळली आहे. दोन दिवसांत चमत्कार घडवणारी पुडी म्हणूनच अधिक संशयास्पद ठरते.

शोधन ही नुसती रीत नव्हे

रसशास्त्राच्या ग्रंथांनी काजऱ्याची गणना उपविषांत केली आहे आणि शोधनाशिवाय तो पोटात देऊ नये असे बजावले आहे. शोधनाची एक प्रचलित पद्धत अशी. बिया सात दिवस गोमूत्रात भिजत ठेवतात आणि गोमूत्र रोज बदलतात. मग त्या धुऊन गाईच्या दुधात काही तास उकळतात. त्यानंतर वरचे साल आणि आतला अंकुर काढून टाकतात. उरलेला भाग गाईच्या तुपात तळून त्याची पूड करतात. पद्धती अनेक असल्या तरी भिजवणे, उकळणे, सोलणे आणि भाजणे ही सूत्रे समान आहेत.

प्रयोगशाळेत केलेल्या तपासण्यांनी या प्रक्रियेमागील तर्काला दुजोरा दिला आहे. शोधनानंतर स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन दोन्ही कमी होतात. त्यांचा काही भाग गोमूत्रात आणि दुधात उतरतो, काही भाग तापमानामुळे कमी विषारी रूपात बदलतो. मात्र ते शून्यावर येत नाहीत. किती उतरतील हे पद्धतीवर, वेळेवर आणि करणाऱ्याच्या काटेकोरपणावर अवलंबून असते. मुळात कोणत्या झाडाच्या बीत किती विष आहे हेही सारखे नसते.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. शोधन करताना ज्या द्रवात विष उतरते तो द्रव वैद्य फेकून देतो. घरी कच्च्या बीचा काढा करणारा माणूस नेमके तेच उलट करतो. तो बी फेकतो आणि द्रव पितो. ‘चांगले उकळले आहे’ या समजुतीला येथे अर्थ नाही. उकळण्याने विष बीतून पाण्यात येते, नाहीसे होत नाही.

चिमूट आणि चमचा

मात्रेचा हिशेब पाहिला की प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशानुसार शुद्ध केलेल्या कुपीलूची मात्रा ६० ते १२५ मिलिग्रॅम आहे. चिनी पारंपरिक वैद्यकातही हीच बी सांधेदुखीवर वापरतात. तेथील औषधकोश प्रक्रिया केलेल्या बीसाठी दिवसाला ०.३ ते ०.६ ग्रॅम ही मर्यादा घालतो. दोन भिन्न परंपरा, तरी दोहोंनी मात्रा ग्रॅमच्या आतच ठेवली.

कच्च्या बीत साधारण एक ते दोन टक्के स्ट्रिक्नीन असते. घरातील चहाच्या चमच्यात तीन ग्रॅम पूड मावली असे धरले, तर त्यात ३० ते ६० मिलिग्रॅम स्ट्रिक्नीन आले. प्रौढ माणसासाठी घातक मात्रा ३० ते १२० मिलिग्रॅमच्या दरम्यान मानली जाते. त्याहून कमी मात्रेनेही मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. मुलांसाठी आणि अशक्त वृद्धांसाठी ही मर्यादा आणखी खाली येते. म्हणजे १२५ मिलिग्रॅमच्या जागी चमचाभर पूड घेणारा माणूस शास्त्राने सांगितलेल्या मात्रेच्या चोवीस पट वस्तू पोटात घालतो, आणि तीही बहुधा शोधन न केलेली. ‘थोडेसे’ हा शब्द प्रत्येकाच्या बोटांनुसार बदलतो. विषाला तो चालत नाही.

होमिओपॅथीतील ‘नक्स व्होमिका’ याच झाडापासून तयार होते. तिच्या अतिविरल गोळ्यांत मूळ द्रव्य जवळजवळ नसते. मूळ अर्काची गोष्ट वेगळी, त्यात ते असते. म्हणून दोन्ही एकच समजून अर्काचे थेंब मनाने वाढवणे धोक्याचे आहे.

कायदा काय सांगतो

१९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांना जोडलेल्या ‘ई-१’ अनुसूचीत आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी पद्धतींतील विषारी द्रव्यांची यादी आहे. विषमुष्टी, म्हणजे काजरा, या यादीत आहे. त्याच्यासोबत वत्सनाभ म्हणजे बचनाग, लांगली म्हणजे कळलावी, भल्लातक म्हणजे बिब्बा, गुंजा आणि धोतरा हेही आहेत. यांपैकी बचनाग, कळलावी आणि बिब्बा यांचाही सांधेदुखीवर उपयोग केला जातो. बचनागाने हृदयाचे ठोके बिघडतात, कळलावीच्या कंदाने आतडी आणि रक्तपेशी यांवर आघात होतो, बिब्ब्याने त्वचा भाजते. या वनस्पती वेगवेगळ्या, धडा मात्र एकच.

अशा द्रव्यांपासून केलेल्या पोटात घ्यायच्या औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ या अर्थाची सावधगिरीची सूचना इंग्रजी आणि हिंदीत ठळकपणे छापणे बंधनकारक आहे. घटकांची खरी यादी, उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांकही हवा. अग्नितुंडी वटी, विषतिंदुक वटी यांसारख्या औषधांत काजरा असतो. ती परवान्यानुसार तयार होतात, पण दुकानात जाऊन मनाने घ्यायची औषधे ती नव्हेत. नोंदणीकृत वैद्याला स्वतःच्या रुग्णासाठी औषध तयार करण्याची मुभा कायद्याने दिली आहे. बाजारात विक्रीसाठी औषध बनवायचे तर परवाना लागतो. तसेच १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याने ज्या आजारांवर हमखास उपायाच्या जाहिराती करण्यास मनाई केली, त्यांत संधिवाताचाही समावेश आहे.

कागदी पुडी या साऱ्या व्यवस्थेच्या बाहेर राहते. तिला लेबल नाही, म्हणून इशारा नाही. विकणारा पुढच्या आठवड्यात त्याच जागी बसेलच असेही नाही.

पहिल्या तासात काय करावे

औषध घेतल्यानंतर तासाभरात मान किंवा जबडा ताठरला, अंग दचकू लागले, पोटऱ्या एकाएकी आवळल्या, तर ते औषध लागू पडल्याचे लक्षण समजू नये. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णाला ओकारी काढायला लावू नये, कारण त्याने झटका येऊ शकतो आणि ओकारी श्वासनलिकेत जाऊ शकते. ‘उतारा’ म्हणून दूध, तूप, ताक किंवा मिठाचे पाणी पाजू नये. हातपाय चोळण्याची आपल्याकडची सवय येथे उलटी पडते, कारण स्पर्शानेच झटके वाढतात. रुग्णाला शांत, मंद उजेडाच्या खोलीत कुशीवर निजवावे. आवाज आणि गर्दी टाळावी. उरलेली पुडी, काढ्याचे भांडे किंवा बाटली इस्पितळात सोबत न्यावी. काय घेतले, किती आणि केव्हा घेतले, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. डॉक्टर रागावतील या संकोचाने पुष्कळ जण गावठी औषधाचा उल्लेख टाळतात. मग धनुर्वात की अपस्मार या शोधात वेळ जातो.

या विषावर नेमका प्रतिविष असा नाही. डायझेपामच्या गटातील औषधांनी झटके आवरतात. गरज पडल्यास स्नायू शिथिल करून श्वासोच्छ्वास यंत्रावर चालवतात. स्नायूंच्या सततच्या आवळण्यामुळे मूत्रपिंडांना इजा होऊ नये, याकडेही लक्ष पुरवतात. पहिला दिवस निभावला तर रुग्ण पूर्ण बरा होण्याची शक्यता चांगली असते. म्हणूनच वेळेवर इस्पितळ गाठणे हेच सर्वांत मोठे औषध.

दुखणे कोणते, हे आधी कळावे

सांधेदुखी हा एक आजार नव्हे. वयपरत्वे गुडघ्याची झीज, हातापायांच्या लहान सांध्यांना सूज आणणारा आमवात, अंगठा सुजवणारा वातरक्त, चिकुनगुनियाच्या तापानंतर महिनोन् महिने रेंगाळणारे दुखणे, या सर्वांना घरात एकच नाव असते. त्यांचे उपचार मात्र भिन्न आहेत. आमवातात पहिले काही महिने पुड्यांत घालवले तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. ही हानी विषबाधेइतकी नाट्यमय नसते, पण आयुष्यभराची असते.

ज्यांचा आयुर्वेदावर विश्वास आहे त्यांनी तो सोडावा, असे या चर्चेतून निघत नाही. उलट त्या शास्त्राकडे पूर्णपणे जावे, असेच निघते. गोव्यात आयुर्वेदाची महाविद्यालये आहेत, धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे, गावोगावी नोंदणीकृत वैद्य आहेत. त्यांना दोन प्रश्न निःसंकोच विचारावेत : या औषधात विषवर्गातील काही आहे का, आणि हे किती दिवस घ्यायचे? गर्भवती, मुले, अपस्माराचे रुग्ण, यकृत वा मूत्रपिंडांचा विकार असलेले, तसेच रोज इतर गोळ्या घेणारे, यांनी आपली स्थिती आधी सांगावी. औषधाने त्रास झाला तर तोही वैद्याला कळवावा. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा देशात आहे. नोंद झाली नाही तर धोका कागदावर येतच नाही.

घरात वयस्कर माणूस असेल तर त्याच्या उशाशी, देवघरात किंवा मिसाळ्याच्या डब्यांमागे ठेवलेली निनावी पुडी एकदा शोधून पाहावी. ती कोणी दिली, केव्हापासून चालू आहे, किती घेतली जाते, हे रागावून न विचारता समजून घ्यावे. त्या माणसाचे दुखणे खरे असते आणि पुडी घेण्यामागची आशाही खरी असते. तीक्ष्ण विषही नीट योजले तर उत्तम औषध होते आणि उत्तम औषधही चुकीचे योजले तर विष होते, असा विचार चरकसंहितेत मांडलेला आहे. जुना वैद्य काजरा देत असे तेव्हा बी त्याने स्वतः शोधलेली असे, मात्रा त्याने तोललेली असे आणि रुग्ण त्याच्या नजरेसमोर असे. या तीन गोष्टी नसतील, तर हाती उरते ती नुसती बी.